सात नंबरच्या ट्रेची खूण

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी बोलायचंय. कम्प्युटर दिसला की तुम्ही लांबून जायचात. पण मी ज्या कामाचा पगार घेते ना, ते तुम्हीच मला वाळूजच्या कारखान्यात, गिअर तापवून कडक करायच्या त्या भट्टीपाशी शिकवलंय.

मी शिकाऊ म्हणून आले तेव्हा भट्टीशेजारी तुमची पाटी टांगलेली. गिअरचा ट्रे आत ढकलायच्या आधी खडूनं नंबर आणि वेळ लिहायची. बाहेर काढून कडकपणा तपासला की पुढं बरोबरची खूण. एकदा मी न लिहिताच ट्रे ढकलला, तर केवढ्यानं ओरडलात! "आधी लिही, मंग हात लाव. लाईट काय तुला सांगून जाती व्हय?" लाईट तर रोजच जायची. आली की तुम्ही आधी पाटी बघायचात. खूण असलेला ट्रे पुढं, नुसता नंबर असलेला परत भट्टीत. अर्धाच कडक झालेला गिअर वरून पक्क्यासारखाच दिसतो, नुसतं बघून ओळखणार कसा?

आता मी दवाखान्यातल्या पेशंटच्या नोंदी ठेवणारी मशीनं तपासते. त्यातली फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली लिहिणारी व्यवस्था, तुमच्यासारखीच वागते. काय बदलणार ते आधी जर्नल नावाच्या वेगळ्या जागी लिहिते, मग फाइलला हात लावते. मधेच लाईट गेली तर परत सुरू झाल्यावर पहिलं जर्नल वाचते. नोंद पूर्ण असेल तर ते काम पुन्हा करते; नोंदच अर्धवट असेल तर सोडून देते, जुनी फाइल शाबूत राहते. मी दिवसभर मुद्दाम वायर उपटते आणि नोंदी शाबूत राहतात का ते बघते. या आठवड्यात तीनदा नोंदी विस्कटल्या. चूक फाइल सिस्टीमची नव्हती, डिस्क खोटं बोलत होती. "लिहून झालं" म्हणायची, आणि मजकूर अजून तिच्या तात्पुरत्या मेमरीत, लाईट गेली की पुसला जाणारा. आमचे साहेब म्हणतात, "मॅडम, सोमवारी माल जायचाय, पास म्हणून सही मारून टाका ना. दवाखान्यात इन्व्हर्टर असतो." मी म्हटलं, "इन्व्हर्टर पण बसतो, साहेब. मग पेशंटला औषध दिलंय का नाय, हे सिस्टरला कोण सांगणार, तुम्ही?" त्यांनी उद्या दहाला केबिनमध्ये बोलावलंय.

डिस्कवर चिडायचा मला काय हक्क, म्हणा. सात नंबरचा ट्रे आठवतो? शिफ्ट सुटत आली होती, शहागंजची बस चुकू नये म्हणून ट्रे आत असतानाच मी खूण करून टाकली. होतच आलंय, म्हटलं. तेवढ्यात लाईट गेली. खूण पुसायची लाज वाटली. ट्रे तसाच बाहेर ओढला, थंड करून तयार मालात लावला आणि पळाले. तुम्ही पाटीवर भरवसा ठेवून तो पुढं पाठवला. गिऱ्हाइकाकडं गिअरचे दात तुटले. ऑफिसात तुम्ही एवढंच बोललात, "पाटी माझी हाय." तुम्हाला भट्टीवरून काढून पॅकिंगला बसवलं, पार रिटायर होईस्तोवर. मी तिथंच उभी होते, तोंड शिवल्यासारखी. त्याची मला आजही लई लाज वाटते. मी काम सोडलं त्या दिवशी तुम्ही तुमच्या खडूंचा डबा माझ्या हातात ठेवलात, विचारलं काहीच नाही. तुम्हाला ठाऊक होतं का, उस्ताद?

हे पत्र कुठं टाकणार मी? पण उद्या साहेबांचा आवाज चढला की माझं अवसान गळेल, मी मला ओळखते. म्हणून आधी लिहून ठेवतेय: मशीन नापास, मी सही करणार नाही. हा कागद तुमच्या डब्यात ठेवते, खडूंवर. खरं सांगते, पुढं बरोबरची खूण करायला हात आत्ताच शिवशिवतोय. करत नाही. उद्या केबिनमधून बाहेर आल्यावर करीन.