हाताचा गुण

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! शेवटचा टप्पा जीपमध्ये औषधांच्या खोक्यांवर बसून काढला, कंबरेचा पार भुगा झाला. पण मन मात्र शाळेच्या पहिल्या दिवसासारखं. चोपन्नाव्या वर्षी परदेशातल्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवायला आलेय. धाकटी म्हणते, ताई, तुला शिकवायचं निमित्त आहे, खरं तर तुलाच अजून शिकायचंय. वर जातानासुद्धा वहीपेन मागशील. मागेन की! जखमांच्या देखभालीचा कोर्स पन्नाशीत केला, इथली भाषा गेल्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात शिकले. दुसरीला येतं आणि मला येत नाही, हे मला आजवर सहन झालेलं नाही.

खोली छोटी, नुकताच चुना दिलेली. खिडकीतून वॉर्डाचा व्हरांडा दिसतो. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली खोक्याचा पुठ्ठा घातला.

माझ्याआधीच्या ट्यूटर भेटल्या. सगळे त्यांना थोरल्या सिस्टर म्हणतात. निवृत्त झाल्यात, पण घरी गेल्याच नाहीत, रोज ड्रेसिंगच्या खोलीत असतात. सुकलेल्या, बारीक, एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. माझा हात हातात घेऊन बराच वेळ डोळ्यांत बघत राहिल्या. गोड बाई.

९ फेब्रुवारी
मुली चुणचुणीत आहेत. एकीचं नाव मी प्रश्नवाली ठेवलंय; तिचा हात कधी खाली म्हणून येत नाही.

आज ड्रेसिंगला उभी राहिले. रस्त्याच्या कामावरचा एक आडदांड गडी, दंडावर उकळतं डांबर सांडलेलं. मी सगळं नीट केलं. आधी इंजेक्शन, मग सलाइनने भिजवून हलक्या हाताने गॉझ सोडवायला घेतलं. तरी लहान पोरासारखा ओरडला आणि थोरल्या सिस्टरांना बोलवा म्हणाला. त्या आल्या, त्याचं मनगट धरलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. गडी गप्प. नुसता गप्प नाही, हसायला लागला. उरलेलं गॉझ मीच काढलं, त्याला पत्ताही लागला नाही. सगळ्या मुली त्यांच्याकडे बघत होत्या.

हाताला गुण आहे, असं डॉक्टरही म्हणतात. असेल. मला काय त्याचं.

१५ फेब्रुवारी
मला त्याचंच आहे सगळं. उगाच कशाला खोटं लिहू.

ट्रॉली घेऊन गेले की खाटेवरचा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघतो, त्या येताहेत का म्हणून. छातीत गळू झालेल्या एका बाळंतिणीने आज माझा हात चक्क बाजूला सारला. वर्गात प्रश्नवालीने विचारलं, थोरल्या सिस्टर करतात ते तुम्ही आम्हाला कधी शिकवणार? खसखस पिकली. मीही हसले. अजून दाढा ठणकताहेत, इतक्या आवळून धरल्या होत्या.

शेवटी मान खाली घालून त्यांनाच विचारलं, मला दाखवाल का? दाखवते की, म्हणाल्या, रोज जवळ येऊन उभी राहत जा. मग अगदी पुढ्यात उभं करतात. पेशंट त्यांचा हात घट्ट धरून रडत आभार मानत असतो आणि त्या बघत असतात माझ्याकडे.

२२ फेब्रुवारी
धाकटीचा फोन. तिला सगळं सांगितलं तर हसली. म्हणाली, लहानपणी मी माझी बक्षिसं दप्तरातच ठेवायचे गं ताई, तुझा चेहरा बघवायचा नाही. फोन ठेवून दिला.

दुपारी थोरल्या सिस्टरांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. त्या मोरीपाशी बाह्या वर करून हात धूत होत्या.

हातांवर बोट ठेवायला जागा नाही. दंडावर डांबराने भाजलेला पट्टा, ओला. कोपराच्या आत लाल, गरम गळू, टम्म फुगलेलं. खाली टाके, त्याखाली कुत्र्याचे दात. सगळं ताजं. एकेक जखम मी ओळखली. ती पेशंटच्या अंगावर बांधली होती मीच.

मला शिसारी यायला हवी होती. निदान दया. मनात आलं ते असं, की हे एवढं सगळं हिचं, आणि यातलं एकही माझं नाही.

त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि हळूच नळ बंद केला.

२३ फेब्रुवारी
सांगितलं त्यांनी. मनगट धरायचं आणि म्हणायचं, मला दे. बस, एवढंच. जखम पेशंटची, ती तिच्या वेळेने भरते. वेदना मात्र तशीच जखम होऊन आपल्या अंगावर येते आणि राहते.

मग मुलींना का नाही शिकवलंत, मी विचारलं. शिकवलं, म्हणाल्या. दयेपोटी मागितलं की येत नाही. दुसरीपाशी आहे हे बघवत नाही म्हणून मागितलं, तरच येतं. त्यांच्याकडेही तसंच आलं होतं, एका मैत्रिणीकडून. मी आले त्या दिवशीच त्यांनी माझ्या डोळ्यांत ते पाहिलं होतं. किती वर्षं वाट पाहत होते गं तुझी, म्हणाल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

मी सामान बांधून निघायला हवं होतं. मी त्यांचं मनगट धरलं.

२४ फेब्रुवारी
आलं! हमालाच्या पायात खिळा घुसलेला. मला दे, म्हटलं आणि त्याचा चेहरा असा सैल पडला, जणू आईने कुशीत घेतलं. माझ्या तळहातात काहीतरी तापलेलं शिरलं. त्याने मला विचारलं, उद्या तुम्हीच याल ना?

इतक्या सुखात मी आयुष्यात नव्हते.

थोरल्या सिस्टर दुपारच्या जीपने गेल्या. अर्ध्या बाह्यांचा झगा घालून. हात कोवळे, स्वच्छ, एक ओरखडा नाही. निरोप घेतला नाही. जीप वळेपर्यंत हसण्याचा आवाज येत होता.

अंघोळीला गेले तेव्हा कळलं, त्यांचं सगळं कुठे गेलं ते.

२ मार्च
पूर्ण बाह्या शिवून घेतल्या. कापड जखमांना चिकटतं. गोळ्यांचा काही उपयोग नाही, ही वेदना माझी नाहीच, तर माझं औषध तिला लागू कसं पडणार.

पण वॉर्डात शिरले की सगळ्या माना वळतात. माझ्याकडे.

११ मार्च
दंड संपले. आता पाठीवर, मांड्यांवर. वर्ग घेणं सोडलं. डॉक्टर म्हणतात, रजा घ्या. घेतली असती, पण मग त्यांना कोण —

प्रश्नवाली ट्रॉलीपाशी उभी असते. प्रश्न विचारत नाही आता. नुसती बघते.

१७ मार्च
तिने मोरीपाशी गाठलं. बाह्या वर होत्या. किंचाळली नाही. म्हणाली, मला शिकवा. तिचे डोळे —

तेच. माझेच.

ते दोन शब्द सांगायचा अवकाश, मी कोवळ्या हातांनी घरी. धाकटीकडे. पाठ टेकून झोप —

आणि इथे सगळे तिला हाक मारतील.

नाही सांगितलं.

१९ मार्च
डाव्या हाताने लिहितेय. उजव्याची बोटं मिटत नाहीत. धाकटीचे फोन — उचलत नाही. ये म्हणेल.

प्रश्नवाली दारात. सकाळपासून. जा म्हटलं, जात नाही. माझ्या ओठांकडे बघते. मी झोपेत बोलते का? काय बोलते?

२० मार्च
व्हरांड्यात धावपळ. पत्र्याच्या कारखान्यात भडका — माणूस आणलाय. नखशिखांत. डॉक्टर खिडकीतून ओरडले, तुम्ही येऊ नका सिस्टर, हे एवढं अंगावर घेऊन कोणी —

त्यांना माहीत होतं तर.

प्रश्नवाली गेली त्याच्याकडे. पळत. इथून दिसतंय, तिने मनगट धरलंय. ओठ हलताहेत. तिला ते दोन शब्द कुठून —

आवाज कमी होतोय त्याचा. होतोय का? नाही, अजून ओरडतोय. हाक मारतोय, कुणाला ते —

तिला? काल आलेली पोर, आणि तिला?

उभी राहता येतंय. भिंत धरून. चिमुरडे, सोड त्याचा हात, सोड, तो माझा —