भट्टीच्या काचेवरचा डाग आणि बाकीची मालमत्ता

मी, या पावभट्टीचा मालक, कोणाच्या दडपणाखाली नाही आणि कोणाच्या गोड बोलण्याला भुललेलाही नाही, हे मृत्युपत्र स्वखुशीने करत आहे. मन ठिकाणावर आहे असे लिहिण्याची पद्धत आहे, पण ते खोटे होईल. मला बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. मात्र कोणाला काय द्यायचे हे मला चांगले कळते, आणि कायद्याला तेवढे पुरते, असे शेजारच्या मास्तरीणबाईंचे म्हणणे आहे. मी सांगतो, त्या लिहितात. मी स्वतः का लिहीत नाही ते पुढे येईल. आधीचे मृत्युपत्र मी फाडून भट्टीत घातले आहे.

एक. राहते घर मुलाला. माडीचा जिना त्याने दुरुस्त करावा. कित्येक वर्षे मी 'करतो, बाबा' एवढेच ऐकतो आहे. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला.

दोन. लाकूडवाल्याला काही नाही. त्याने जन्मभर ओली लाकडे कोरडी म्हणून माझ्या गळ्यात मारली. माझ्या मयताला तो आला तर चालेल, पण लाकडे घेऊन येऊ नये.

तीन. भट्टी. हे जरा सविस्तर सांगावे लागेल.

आधीच्या मृत्युपत्रात भट्टी मुलाला होती आणि सुनेने तिला हात लावू नये अशी अट होती. कारण काचेचे दार. त्यापूर्वी भट्टीला लोखंडी दार होते, माझा लोहार मित्र ठोक्या याने केलेले. ते लावले की आत काय चालले आहे ते फक्त मला कळायचे. वासावरून, धगीवरून आणि पाव उलटा करून बुडाला टिचकी मारली की येणाऱ्या आवाजावरून. सून आली ती सतत बोलणारी. 'बाबा, डावीकडे परात आहे हं.' 'बाबा, सुरी मी वर ठेवली.' मला वाटायचे, ही मला माझाच धंदा शिकवते. मग तिने हट्ट धरला की दार काचेचे करू, धग सोसणारी काच मिळते. मी म्हणालो, 'पाव म्हणजे काय सिनेमा आहे, बसून बघायला?' पण मुलगा तिच्या बाजूने गेला आणि ठोक्याही फितूर झाला. त्याने चौकट केली. काचवाल्याने काच बसवली, कडेने दोरीसारखी पट्टी घालून थोडी सैल, कारण तापल्यावर लोखंड जास्त फुगते आणि काच आवळली तर तडकते.

पहिल्याच दिवशी मी सांगितले की काच मधोमध धुरकट आहे. सुनेने ओले फडके राखेत बुडवून ती घासली. डाग तसाच. हिला साधी काच पुसता येत नाही, असे मी गिऱ्हाइकांसमोर बोललो. एरवी जिचे तोंड बंद नसते ती नुसती पुन्हा काच घासू लागली. मी काच बदलून घेतली. नव्या काचेवरही तिथेच डाग. काचवाल्याला मी चोर म्हणालो. तो पुन्हा आला, स्क्रू काढले आणि काच उचलून अंगणात उजेडात नेली. मी चौकटीसमोर उभा राहिलो, आत निखारे होते, आणि बोट दाखवून म्हणालो, 'हा बघ डाग. हा काय, इथे.'

चौकट तपासायला आलेला ठोक्या माझ्याशेजारी वाकून बघू लागला. मग मागून काचवाला हळूच म्हणाला, 'आजोबा, काच माझ्या हातात आहे.'

मी हात पुढे केला. तो चौकटीतून आरपार गेला, कोपरापर्यंत. धग लागत होती तरी मला तो मागे घेता येईना. ठोक्याने ओढून काढला. आजही जेवताना, कपडे घालताना मध्येच तो हात आरपार गेल्यासारखे होते आणि मी जवळचे काहीतरी घट्ट धरतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मधली नजर गेली आहे, कडेची उरली आहे. हे आजचे नाही, बऱ्याच वर्षांचे आहे, आणि परत येणार नाही. 'तुम्हाला कळलं कसं नाही?' असे त्यांनी विचारले. काय सांगणार? पीठ हाताला कळते, पाव नाकाला कळतो. लोखंडी दाराकडे बघून डोळसाला तरी काय दिसते? वर्तमानपत्र मी छपाई बिघडली म्हणून बंद केले होते.

त्याच संध्याकाळी दुसरा धक्का बसला. मुलगा डोक्याला हात लावून बसला होता. त्याला काहीच माहीत नव्हते. सून मात्र खाली बघत होती. मी विचारले, 'तुला माहीत होतं?'

'हो.'

'कधीपासून?'

'तुमच्या भुवया जळल्या ना, तेव्हापासून. बघायला म्हणून तुम्ही तोंड पार आत नेलं होतं. म्हणून काचेच्या मागे लागले, बाबा. बघायला दार उघडावं लागलं नाही, की तोंड तरी आत जाणार नाही.'

'आणि मला सांगावंसं वाटलं नाही?'

'सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही भट्टीपाशी उभे राहिला असतात?'

नसतो राहिलो, हे तिला बरोबर माहीत होते. त्याचाच मला राग येतो.

चार. भट्टी, दुकान, पराती, लांब दांड्याचे लाकडी फावडे आणि पावाला चीर द्यायचे पाते, हे सर्व सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर. मुलाला वाईट वाटणार नाही. त्याला पिठाने शिंका येतात. मात्र मी तिला माफ केलेले नाही याचीही नोंद असावी. माणसाची नजर गेली तर ते आधी त्याला कळले पाहिजे. मास्तरीणबाई विचारतात, हे खरेच लिहायचे का. लिहा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

लोखंडी दार ठोक्याला द्यायचे होते, पण साक्षीदाराने काही घेऊ नये म्हणतात, तेव्हा त्याला नुसता चहा. दार सुनेने जपून ठेवावे. काच फुटली तर त्या दिवशी पाव अडायला नकोत.

पाच. मुलगा म्हणतो, आता घरी बसा. मी बसणार नाही. भट्टी नाही तर मी कोण, हे मला माहीत नाही आणि या वयात शोधायचेही नाही. मी जिवंत आहे तोवर सुनेने काचेतून दिसेल ते मोठ्याने सांगावे आणि मी वास घ्यावा. ही अट नाही, विनंती आहे. ती नाही म्हणू शकते.

तिला यात लाभ आहे म्हणून बाईंनी तिला बाहेर पाठवले आहे. ती भट्टीपाशी एकटीच आहे, समोर चिटपाखरू नाही, आणि तरी बोलते आहे. मला इथे ऐकू येते. 'कडांनी रंग धरला. मधे अजून पांढरं आहे.'

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. अंगठा देणार नाही, सहीच करीन.

(सही) भट्टीवाला

साक्षीदार: (सही) लोहार, उर्फ ठोक्या
साक्षीदार: (सही) काचवाला. चोर म्हटल्याबद्दल तक्रार नाही.

ठिकाण: भट्टीमागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर

लिहून घेणारीची नोंद: सही ओळ सोडून पहिल्या साक्षीदाराच्या जागेवर गेली, म्हणून त्या साक्षीदाराने खाली सही केली आहे. सही करता करता आजोबा थांबले, त्यांनी मान वर करून वास घेतला आणि भिंतीपलीकडे हाक दिली, 'काढ आता.'

बाहेरून सून म्हणाली, 'मधे अजून पांढरंच दिसतंय, बाबा.'

'काढ म्हणतो ना.'

दार उघडल्याचा आवाज आला. मग पावाच्या बुडाला मारलेली टिचकी ऐकू आली. मग ती म्हणाली, 'झालेत, बाबा. पुसताना राख काचेवर राहिली होती, तीच पांढरी दिसत होती.'

यानंतर त्यांनी सही पूर्ण केली.