हात कधी काढायचे

९ जानेवारी

पावसाळ्यानंतर एक ओळ लिहिली नाही. माफ कर. (कुणाला म्हणतेय? पानालाच, दुसरं आहे कोण!) लिहिण्यासारखं काही घडलं नाही, असं कारण देणार होते. ते खरं नाही. काही घडत नाहीये हेच लिहायचा धीर नव्हता.

आता घडलंय, आणि तेही हसण्यासारखं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी शारीरिक शिक्षणाच्या परीक्षेला बसणार आहे! खेळाचे सर शाळा सोडून गेले. इतिहासाचे माझे तास कमी झाले होतेच. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही उंच आहात, शिट्टी शोभेल." नोकरी पूर्ण वेळ ठेवायची तर हे करायलाच हवं. रोज संध्याकाळी वर्ग, मार्चअखेर परीक्षा.

आत्याला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डोकं खाली पाय वर करून काय बघणारेस? सुलटं जग कळलं का सगळं?"

१७ जानेवारी

वर्गात सगळे शिक्षकच. सगळ्यांच्या कमरा धरलेल्या. शिकवणाऱ्यांना आम्ही शिट्टीसर म्हणतो, कारण ते बोलण्याऐवजी वाजवतात.

आज मात्र बोलले. हातांवर उभं राहायला शिकायचं आहे. एकाने पाय वर फेकायचे, दुसऱ्याने घोटे धरायचे. "आधार म्हणजे उचलून धरणं नव्हे," ते म्हणाले. "वजन तुमच्या हातात आहे तोवर धरा. हलकं झालं की हात काढा. गुण दोघांनाही आहेत — वरच्याला तोलाचे, धरणाऱ्याला वेळेवर हात काढण्याचे. तुम्ही चिकटून राहिलात तर त्याचा तोल परीक्षकांना दिसणारच नाही. म्हणजे तुमच्यापायी तोही गेला!"

उंची बघून जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला तलावावर पोहायला शिकवणारे सर आले. पन्नाशीकडे झुकलेले, खांदे रुंद, डोळे कायम लालसर. मी काही वर गेले नाही. पाय उचलायचे आणि पुन्हा खाली.

"बाई," ते म्हणाले, "पाय जमिनीला भाड्याने दिलेत का?"

२३ जानेवारी

मनगटं सुजली. आत्याने तेल चोळून दिलं. टोमणे फुकट.

२ फेब्रुवारी

गेले वर!

भिंत उलटी, खिडकी उलटी, चित्रकलेच्या बाई उलट्या उभ्या राहून टाळ्या वाजवतायत. आणि घोट्यांना दोन हात. घट्ट नाही, सैल नाही. "आहे मी," वरून आवाज आला. नुसतं सांगितलं त्यांनी, जसं पाण्यात उतरणाऱ्या मुलांना रोज सांगत असतील तसं.

घरी येऊन मोजे काढायला बसले आणि बसूनच राहिले.

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मला कुणी धरलेलं नाही. आत्या तेल लावते, डॉक्टर नाडी बघतात, पण त्यात धरणं नाही. आज ह्यांची आठवण यायला हवी होती. नाही आली. हे लिहावं की नाही ह्यावर बराच वेळ घालवला. लिहिलं.

१२ फेब्रुवारी

सरावानंतर मैदानाच्या पायरीवर चहा. पोहण्याचे सर आपणहून बोलले. बायको वारली तेव्हा मुलगी लहान होती. तलावाची नोकरी तात्पुरती, पहाटेपासून. घरी बघणारं कोणी नाही. म्हणून मुलीला आजोळी ठेवली, दुसऱ्या गावात. आता तिच्याच शाळेत खेळाच्या शिक्षकाची कायमची जागा निघाली आहे. ही परीक्षा ते पास झाले की जूनपासून तिथे.

"फोनवर म्हणते, बाबा, तुमचा आवाज पाण्याखालून येतो." ते हसले. मग उरलेला चहा पायरीखाली ओतून टाकला.

"छानच होईल," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. आणि घरी येताना चुकीच्या गल्लीत वळले.

१ मार्च

आज शिट्टीसरांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं. "ह्या जोडीचे हात बघा!" सगळ्यांनी बघितले. मी लाजले — ह्या वयात!

खरं आहे पण. पोहण्याच्या सरांचे पाय वर जातात, आधी जड, लाकडासारखे. मग कुठेतरी पोटात ते स्वतःला सापडतात आणि घोटे एकदम हलके होतात. ते डोळ्यांना दिसायच्या आत माझ्या बोटांना कळतं. लगेच हात काढते. दर वेळी. मग ते एकटे उभे आणि माझे हात हवेत, काय करावं ते न कळणारे.

९ मार्च

हाडांची नावं पाठ होत नाहीत. आत्या प्रश्न विचारते नि उत्तर चुकलं की स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारते. "हे बघ, इथलं! हेच दुखतं रोज, विसरतेस कशी?"

मार्च लवकर संपू नये असं वाटतं. परीक्षेला बसलेल्या कुणाला असं वाटत असेल?

२६ मार्च

झाली परीक्षा.

माझं नीट झालं. त्यांनी धरलं, सोडलं, मी क्षणभर एकटी उभी राहिले. परीक्षक बाईंनी मान हलवली. मग जागा बदलल्या.

त्यांचे पाय आले. धरले. जड. मग हलके. मला कळलं. रोजच्यासारखंच कळलं.

हात काढले नाहीत.

परीक्षक बाईंनी गुण लिहिले, "पुढची जोडी" म्हणाल्या. ते खाली उतरले, तळहात झटकले. माझ्याकडे बघितलं नाही. की मीच बघितलं नाही?

२७ मार्च

घाबरले होते, म्हणून झालं. असं लिहिलं होतं इथे. खोडलं. घाबरले नव्हते. हातांना घाम आला होता, हेही लिहून पाहिलं. तळहात कोरडे होते.

मनात एवढंच होतं की हे शेवटचं. ह्यानंतर हे घोटे ह्या हातांत नाहीत. ठरवून केलं का? ठरवलं तर नव्हतं. पण थांबवलंही नाही, आणि थांबवायला वेळ भरपूर होता. विद्यार्थ्याने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तिकडे एक मुलगी फोन कानाला लावून बाबांची वाट बघतेय. माझ्या वर्गात तिच्या वयाच्या चाळीस जणी आहेत.

११ एप्रिल

निकाल लागला. मी पास, आधाराचे गुण गेले तरी. ते प्रात्यक्षिकात नापास — "आधार शेवटपर्यंत, तोल दिसला नाही." मेमध्ये फेरपरीक्षा आहे. त्यात पास झाले तर जूनची जागा अजून मिळू शकते.

आत्या म्हणाली, "पास झालीस ना? मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

सांगितलं तिला. सगळं. आयुष्यात पहिल्यांदा टोमणा न मारता म्हणाली, "मला काय सांगतेस? त्याला सांग."

१२ एप्रिल

तलावावर गेले. ते काठावर दोऱ्या गुंडाळत होते. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तुमचा तोल आला होता. मला कळलं होतं. मी सोडलं नाही.

ते गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे. पाय माझेच होते ना." आणि दोरीला गाठ मारत, "सोडा म्हणता आलं असतं मला. नाही म्हटलं."

तेवढ्यात पलीकडच्या पोरांवर ओरडले, "काठावर पळू नका रे!" परत वळले तेव्हा डोळे नेहमीपेक्षा लाल होते. "मेमध्ये जोडी हीच ठेवू, बाई. पण सोडा."

"सोडीन," म्हटलं.

उद्या: संध्याकाळी पाच वाजता मैदान. हात काढायचा सराव.