आधी निरीक्षण, मग प्रयोग

सोमवार, ६ जानेवारी
मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. चोवीस तारखेला तपासणीसाठी साहेब येणार. सातवी ब, धडा ‘प्रकाश आणि रंग’, तोही प्रयोगांतून. बाई म्हणाल्या, फळ्यावर लिहून नाही हं सर, मुलांच्या हातांनी करून घ्या. साहेबांना पटलं नाही तर सातवी ब चं विज्ञान नव्या मॅडमकडे, मला कार्यानुभव. बावीस वर्षं विज्ञान शिकवून आता मी कागदी पाकिटं चिकटवायला शिकवू?
नव्या मॅडम येऊन सहा महिने झालेत. त्यांच्या वर्गातून सारखा हसण्याचा आवाज येतो. विज्ञानात हसण्यासारखं काय असतं देव जाणे.
संकल्प: रोज एक प्रयोग. उद्यापासून.

मंगळवार, ७ जानेवारी
आज प्रयोग नाही. पूर्वतयारी. शिपायाकडे प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मागितली. तो म्हणाला, ती तुमच्याकडेच आहे सर, मी इथे लागल्यापासून. निघाली माझ्याच ड्रॉवरमध्ये. या माणसाला वस्तू जागेवर ठेवायची सवयच नाही.

गुरुवार, ९ जानेवारी
कपाट उघडलं. काचेचे लोलक सहा, कागदात गुंडाळलेले, करकरीत नवे. शिपाई म्हणाला, कधी वापरलेच नाहीत वाटतं. म्हटलं, जपून वापरलं की असंच दिसतं.
मुलांच्या हातात दिले नाहीत. फुटले म्हणजे? टेबलापाशी उभं राहून लांबूनच दाखवले. मागचे चार बाक सोडले तर सगळ्यांना दिसले. पहिला प्रयोग यशस्वी.

शनिवार, ११ जानेवारी
सात रंगांची तबकडी. पुठ्ठा, रंग, दोरा. मुलांनी वर्ग रंगवून ठेवला, तबकड्या कमी आणि शर्टच जास्त. गरगर फिरवली की पांढरी दिसते, असं पुस्तकात आहे. दिसली मळकट.
दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. मी तिला शंकासुर म्हणतो. हजेरीत दुसरं नाव आहे, पण हेच शोभतं. ती म्हणाली, सर, ही तर पोतेऱ्यासारखी दिसतेय. विचारलं, मग पुस्तक लिहिणारे काय वेडे आहेत? तर म्हणे, त्यांनी फिरवून बघितली होती का? वर्ग खो खो हसला. सगळ्यांना ‘पांढरी’ लिहायला लावलं. हिने ‘मळकट’ लिहिलं होतं. लाल पेनने दुरुस्त केलं.

सोमवार, १३ जानेवारी
लोलक उन्हात धरला. ऊन वर्गभर सांडलेलं, भिंतीवर काहीच दिसेना. अर्धा तास हात वर धरून खांदा धरला. मुलांनी आपणहून ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून दाखवलं, तेवढाच आधार.
घरी बायको म्हणाली, अहो, आधी एकदा करून बघायचं ना. हिला कोण समजावणार? प्रयोग मला तोंडपाठ आहे. करून कशाला बघायचा?

बुधवार, १५ जानेवारी
चूक सापडली! प्रयोगाची नाही, क्रमाची. मुलं आधी बघतात, मग लिहितात. त्यामुळे जे दिसेल ते लिहून मोकळी होतात. यापुढे उलटं. निरीक्षण आधी पाठ, निष्कर्ष पाठ, प्रयोग सवडीने.
उतरवून दिलं: ‘भिंतीवर सात रंगांचा सुंदर पट्टा दिसला. तो पाहून आम्हाला फार आनंद झाला.’ शंकासुराने विचारलं, आणि नाही झाला तर? म्हटलं, होईल. पाच मार्कांना आहे.

सोमवार, २० जानेवारी
तालीम. मी लोलक उचलला की माना खाली, पेनं सुरू. इकडेतिकडे बघणाऱ्याला बाकावर उभं. तीन मिनिटांत चाळीस वह्या भरल्या, एक कानामात्रा इकडची तिकडे नाही. शंकासुरही आता गप लिहिते. सुधारली पोर. मोठ्या बाई दारातून बघून परत फिरल्या. म्हणजे खूश.

गुरुवार, २३ जानेवारी
नव्या मॅडमनी त्यांच्या वर्गाला मैदानावर नेऊन पाइपने पाणी उडवलं. इंद्रधनुष्य दिसलं म्हणे. सगळी भिजली आणि वह्या कोऱ्या! मधल्या सुटीत मला म्हणाल्या, सर, पडदे ओढून एकच बारीक फट ठेवा, छान पट्टा पडेल. मला सुचणारच होतं.

शुक्रवार, २४ जानेवारी, संध्याकाळी ५
साहेब मागच्या बाकावर बसले. पडदे ओढले, फट ठेवली, लोलक उचलला.
पट्टा पडला. भिंतीवर, फळ्याच्या वर, हातभर लांब. तांबडा, नारंगी, पिवळा, सगळे. लोलक जरा फिरवला की तोही सरकायचा. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो, बावीस वर्षांत मी तो पहिल्यांदा पाहिला. डोळ्यांत पाणी आलं.
म्हटलं, अरे बघा, बघा! एकानेही मान वर केली नाही. चाळीस पेनं खरखरत होती. पुन्हा ओरडलो. त्यांना वाटलं, साहेबांसमोर मी त्यांची परीक्षा घेतोय. माना आणखी खाली गेल्या. शेवटी शंकासुराला म्हटलं, बाळ, तू तरी बघ गं. वर न बघताच ती म्हणाली, थांबा ना सर, आनंदाचं वाक्य राहिलंय.
तेवढ्यात ऊन ढगाआड गेलं.
साहेबांनी चार वह्या चाळल्या, मिटल्या. जाताना म्हणाले, पट्टा सुरेख होता, आपण दोघांनीच पाहिला. सातवी ब सोमवारपासून नव्या मॅडमकडे. मी वाद घातला नाही.
वर्गात परत आलो तर सगळी भोवती गोळा झाली. चेहरे फुललेले. विचारत होती, सर, बरोबर केलं ना आम्ही?
हो म्हटलं.