बिनशेपटीचे भाऊबंद

२ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, म्हणजे सगळे जिवंत आहोत. उन्हाने आई अर्धी झाली आहे आणि उरलेल्या अर्धीने मला बोलते. तू मात्र डोंगरावर गारेगार बसून दगडांतले उंदीर मोजतेस आणि त्याला संशोधन म्हणतेस. तर बातमी अशी, की तुझ्या त्या दगडांच्या राशीवर आमची कंपनी हॉटेलचं पार्किंग करणार आहे. इंजिनिअर म्हणून सही माझी. तू आता उंदरांना घेऊन घरी ये.

दोन शिव्या हासडून का होईना, उत्तर दे.

तुझा,
धाकटा

९ मे

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून, मनातून नाहीत. उंदीर नव्हेत, सशाचे भाऊबंद आहेत ते. मुठीएवढे, बिनशेपटीचे. अंगावर इतकी दाट लव, की दुपारचं ऊन त्यांना मारतं. राशीच्या तळाशी जुना बर्फ आहे, त्याचा गारवा फटींतून वर येतो. दुपारी ते आत बसतात, ऊन उतरलं की चरायला निघतात. डोंगर तापत गेला तसे बाकी ठिकाणचे संपले. आता ही एकच रास उरली. हे सगळं तुझ्या कंपनीला लिहून कळवलं आहे. हॉटेलचं नाव म्हणे 'गारवा'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! तुला पदवी कुणी दिली, त्याचा पत्ता कळव.

आईला जप. तेवढं तरी जमेल.

ताई

१८ मे

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास. तुझं लिहिणं वाचून साहेब म्हणाले, खाली बर्फ असेल तर पार्किंग खचेल. म्हणून आधी दगड उचलायचे आणि बर्फ खणून काढायचा. कागद माझ्या टेबलावर आहे.

घरचा एसी बंद पडलाय, दुरुस्तीवाला फोन उचलत नाही. मागच्या अडगळीच्या खोलीला ऊन लागत नाही, म्हणून सगळं घर तिथे. आई ट्रंकेवर, मी पोत्यांवर, तुझी भावजय शिडीला टेकून. शेजारच्या काकूही उशी घेऊन आल्या. मोठी मौज आहे.

राग ओसरला की लिही.

धाकटा

२४ मे

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पोत्यांवर बसलेल्या बिनशेपटीच्या प्राण्या, ज्या खोलीत तुम्ही जीव वाचवून बसलात, ती पाडून गाड्या लावायचा कागद आला तर सही करशील? काकूंना काय सांगशील, उन्हात जाऊन बसा म्हणून? इथल्यांना आणखी वर जायला डोंगर उरलेला नाही. मला त्यांची फार काळजी वाटते. यावर विनोद करू नकोस.

हे पत्र आईला वाचून दाखव. घरात एकाला तरी अक्कल आहे.

ताई

२ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. बर्फ काढला तर अख्खा उतार हॉटेलवर येईल, असं लिहून दिलं. साहेबांनी तोंड वाकडं करून पार्किंग खालच्या माळावर नेलं आणि माझी बढती दुसऱ्याला दिली. उंदरांसाठी केलं असं समजून शेफारू नकोस. मला तुरुंगाची हौस नाही, इतकंच.

एसी अजून बंद आहे. आई धड जेवत नाही, ट्रंकेवरून उठत नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने विचारलं, तिथे तिच्या मापाची एखादी फट रिकामी आहे का. मी हसलो. ती हसली नाही.

परवा तिला घेऊन निघतो. जागा करून ठेव.

तुझा,
धाकटा