थेंब न घातलेला डोळा

दादा,

आज तुझ्या भाचीच्या डोळ्याचं निदान झालं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या जन्मापासूनच जाड, वेड्यावाकड्या आणि एकमेकींत गुंतलेल्या आहेत. असं फार क्वचित आढळतं म्हणे. पण ते शोधायला नव्या डॉक्टरीणबाईंनी काही जादू केली नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, थोडं थांबल्या आणि आत बघितलं. बस्स.

तूही डोळ्यांचाच डॉक्टर. डाव्या डोळ्यानं दिसत नाही म्हणते म्हणून मी तिला पुन्हा पुन्हा तुझ्याकडे आणलं. तू एकदाही ते थेंब घातले नाहीस. "नाटकं आहेत गं हिची, लाडावून ठेवलीयस," म्हणालास आणि घरातले सगळे हसले. तेव्हापासून तिचं नावच 'नाटकी' पडलं.

आज बाईंनी तिचा चांगला डोळा झाकून विचारलं, "किती बोटं?" ती रडवेली होऊन म्हणाली, "खरंच दिसत नाही हो. मी नाटक नाही करत." एवढीशी पोर, दादा, आणि डॉक्टरांची गयावया करत होती!

आता मेंदूचा एमआरआय करायचाय, कारण अशा वाहिन्या तिथेही असू शकतात.

हे पत्र मी टाकणार नाही. बाई असंही म्हणाल्या, की आधी कळलं असतं तरी या डोळ्याची नजर वाचली नसती. तू नेमकं तेवढंच वाक्य वाचशील, "बघ, मग माझं काय चुकलं?" म्हणशील आणि निवांत जेवायला बसशील.

तुझी, आज तरी नावापुरतीच,
बहीण