मासळीनंतरचा निरोप

गुणाआत्ये,

तुला जाऊन महिना झाला. हे पत्र मी कुठेच टाकणार नाही.

छातीतली गाठ लपवू नका, असं मी करंजाड्यात बसून मोबाईलवर बायकांना सांगते. चार हजार बायका माझे व्हिडिओ बघतात. तरी तू गाठ लपवलीस, म्हणून मी हॉस्पिटलात सगळ्यांसमोर तुझ्यावर चिडले. तू नुसता पदर सारखा केलास.

तुला लिहिता येत नव्हतं. रोज सकाळी तू मोबाईलवर बोलून निरोप पाठवायचीस, आज मांदेली आली, बोंबील नाय. मी सुरुवात ऐकायचे आणि खाली लाल बदाम टाकायचे.

काल तुझा आवाज ऐकावासा वाटला, म्हणून सगळे निरोप पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकले. दिवाळीतल्या एकात कोलंबीचा भाव सांगून झाल्यावर तू हळूच म्हणालीस, "स्नेहल, तुजा व्हिडिओ बगला. माज्या पन छातीत गाठ हाय. माज्या पोराला, धनेशला सांगू नको. तू बोललीस तर डाक्टरकडं जाईन."

त्याखालीही माझा बदाम आहे.

पुढचे सहा महिने तू रोज मासळीच सांगितलीस. फक्त प्रत्येक निरोपाच्या शेवटी, मी काही विचारेन म्हणून, तू जरा थांबतेस.

तुझी भाची,
स्नेहल